बारीतली पाळी आणि लांबून केलेला हात

आषाढी जवळ आली की माझा फोन वाजू लागतो. पुण्याचे, ठाण्याचे, कधी बंगळुरूचे मित्र विचारतात, 'आईला विठ्ठलाचं दर्शन घडवायचंय. गर्दी नसेल असा एखादा दिवस सांग ना.' एका मणेराच्या मुलाला हा प्रश्न विचारावा, याची त्यांना गंमत वाटत नाही आणि आता मलाही वाटत नाही. मंगळवेढा तालुक्यातलं आमचं गाव, पंढरपूर तिथून हाकेच्या अंतरावर. मी माहिती देतो. एकादशी टाळा, शनिवार-रविवार टाळा, शाळांच्या सुट्ट्या टाळा. पायावर डोकं ठेवायचा आग्रह नसेल तर मुखदर्शनाच्या रांगेतून जा, लवकर सुटाल.

फोन ठेवला की मात्र वाटतं, आपण अर्धंच उत्तर दिलं. गर्दी टाळून देवाला कसं भेटावं, हा प्रश्न आजच्या धावपळीचा नाही. तो फार जुना आहे, आणि निरनिराळ्या माणसांनी त्याची निरनिराळी उत्तरं दिली आहेत. काहींवर तर ती लादली गेली आहेत. बी.ए.ला माझा इतिहास होता. पुढे शिकलो नाही, कविता लिहीत राहिलो. तेव्हा आज मी जे सांगणार आहे ते इतिहासकाराचं म्हणून ऐकू नका. रांगेच्या कडेला बसून वाढलेल्या माणसाचं म्हणून ऐका.

कडेला म्हणजे खरोखरच कडेला. आषाढी-कार्तिकीला अब्बा पंढरपुरात बांगड्यांचं पाल टाकायचे. मी आठ-दहा वर्षांचा असेन. पालाचं कापड खाली ओढलेलं असायचं, त्यामुळे आत बसलेल्या मला बाहेरच्या माणसांचे फक्त पाय दिसायचे. चिखलानं माखलेले, भेगाळलेले, वहाणा तुटलेले, कुठे चिंधी बांधलेले. दिवसभर पायच पाय. अब्बा म्हणायचे, 'पाय बघून सांगतो, कोण बारीला चाललंय आणि कोण बारीतून आलंय.' आमच्याकडे रांगेला 'बारी' म्हणतात. बारी म्हणजे पाळी. आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, एवढाच त्याचा अर्थ.

ही बारी किती जुनी? मंदिरातच याचं थोडंसं उत्तर आहे. सोळखांबीत १२३७ सालचा, होयसळ राजा सोमेश्वराच्या काळातला लेख आहे. दुसरा प्रसिद्ध लेख 'चौऱ्यांशीचा'. तो १२७३ ते १२७७ या काळात कोरला गेला. यादव राजा रामचंद्र आणि त्याचा मंत्री हेमाद्री यांच्या वेळचा. लोक या शिळेला पाठ घासतात, चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो म्हणून. पण त्या शिळेवर कोरलंय काय? मंदिराच्या कामाला कुणी किती दिलं, त्याची यादी. म्हणजे पाठ घासणारा यात्रेकरू आपल्यासारख्याच साडेसातशे वर्षांपूर्वीच्या यात्रेकरूंच्या नावांना पाठ लावत असतो. ती दगडातली बारीच म्हणा ना.

तेव्हाची गर्दी आजच्याएवढी नसणार हे उघड आहे. गर्दी कशी वाढत गेली, त्याच्या काही खुणा सांगता येतात. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली पादुका पालखीत ठेवून पंढरीची वाट धरली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीला आजची शिस्त दिली. दिंड्या, त्यांचे क्रम, मुक्काम, रिंगण हे सारं गर्दीला वळण लावण्याचंच काम होतं. कोण कुणाच्या मागे चालणार हे ठरलेलं असलं की रेटारेटी होत नाही. पुढे १९०६ साली बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी कुर्डुवाडीहून पंढरपुरात आली. १९४८ला एसटी सुरू झाली. जो माणूस आयुष्यात एकदा-दोनदा येई, तो दरसाल येऊ लागला. गाभारा मात्र होता तेवढाच राहिला. एका वेळी दोन-चार माणसं उभी राहतील एवढा.

गाभारा वाढवता येत नाही, तेव्हा वेळ वाढवायची. पंढरीनं हेच केलं. आषाढी-कार्तिकीच्या आधी देवाचा पलंग काढतात. म्हणजे देवानं झोपायचं नाही. पाठीला लोड देतात आणि तो रात्रंदिवस उभा राहतो. प्रक्षाळपूजा होईपर्यंत मंदिर चोवीस तास उघडं. लहानपणी मला याचं फार नवल वाटे. माणसांची बारी लांबली म्हणून देवानं झोप सोडायची, हा व्यवहार मला आजही आवडतो.

दुसरा उपाय वारकऱ्यांचा स्वतःचा. चंद्रभागेत स्नान करायचं, नगरप्रदक्षिणा घालायची, नामदेव पायरीशी टेकायचं, मान वर करून कळस पाहायचा आणि परत फिरायचं. हजारो वारकरी अडीचशे किलोमीटर चालत येतात आणि गाभाऱ्यात न जाता गावाकडे वळतात. त्यांना विचारलं तर 'दर्शन झालं' असंच सांगतात. एकादशीच्या दिवशी संतांच्या पादुकाही गाभाऱ्याकडे धाव घेत नाहीत. गोपाळपूरचा काला झाला की पौर्णिमेला त्या देवाला भेटतात आणि परतीला लागतात. गर्दीचा दिवस इतरांना सोडून द्यावा, हे मी पुणेकर मित्रांना सांगतो तेव्हा माउलींचाच दाखला देतो.

इथवर हे सारं गोड आहे. कळसदर्शनावर मी एक कविताही लिहिली होती, तरुणपणी. ती मी पुढे संग्रहात घेतली नाही. कारण सांगतो.

आमच्या गावात एक मावशी होत्या. नात्यातल्या नव्हेत, पण आईची आणि त्यांची मैत्री नात्यापेक्षा घट्ट. ज्या घरांतल्या माणसांना १९४७पर्यंत महाद्वाराच्या आत पाऊल टाकता येत नव्हतं, त्यांपैकी एका घरातल्या. १९९६च्या कार्तिकीला त्यांनी दर्शनाला जायचं ठरवलं. गुडघे गेलेले. मुलानं ओळखीच्या एका माणसाकरवी मधूनच आत जाण्याची सोय केली होती. मावशींनी ती धुडकावली. सोबत कोण, तर मी. वाटेत मी शहाणपण शिकवलं, 'मावशी, एवढे तास उभं राहवणार नाही. पायरीशी टेका, कळस बघा. वारकरी तसंच करतात.' मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'माझ्या सासऱ्यानं जन्मभर कळसच बघितला रं. चोखोबापाशी बसायचा आन् माघारी यायचा. मी बारीतनंच जानार.'

महाद्वारासमोर नामदेवांची पायरी आहे आणि तिच्या समोरच चोखामेळ्याची समाधी. चोखोबा आमच्या मंगळवेढ्याचे. गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून १३३८ साली ते गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून इथे समाधी बांधली, अशी परंपरा आहे. आत जाणाऱ्या भक्तांच्या पायांची धूळ लागावी म्हणून नामदेवांनी पायरीची जागा मागितली. आता त्या पायरीवर कुणी पाय देत नाही, डोकं टेकतात. चोखोबांना मात्र जागा निवडता आली नव्हती. ते बाहेर होते कारण त्यांना आत घेतलं नव्हतं. एकच कळस, एकाच अंतरावरून दोघं पाहतात. एकाचं ते समाधान असतं, दुसऱ्याचा तो नाइलाज असतो. माझ्या कवितेला हा फरक कळला नव्हता.

तो नाइलाज संपवायला साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. आधी काही महिने त्यांनी महाराष्ट्रभर फिरून लोकमत जागं केलं आणि मग १ मे १९४७ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केलं. दहा दिवसांनी ते सुटलं. त्याच वर्षी मुंबई प्रांतात हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. पुढे पंढरपूर मंदिरांचा कायदा १९७३ साली झाला, तो प्रत्यक्षात आला १९८५ला. बडवे-उत्पातांच्या परंपरागत हक्कांचा वाद जानेवारी २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. त्यानंतर देवाच्या पूजेसाठी स्त्रियांची आणि ब्राह्मणेतरांचीही नेमणूक झाली. बारीच्या इतिहासात माझ्या दृष्टीनं या तारखा रेल्वे आणि एसटीपेक्षा मोठ्या आहेत. रांग लांब झाली ती केवळ गाड्या वाढल्या म्हणून नाही. ज्यांना रांगेतच उभं राहू दिलं जात नव्हतं ते येऊन उभे राहिले, म्हणूनही ती लांब झाली.

मावशींसोबत मी अकरा तास उभा होतो. मी विचारलं होतं, 'मी आलो तर चालेल का?' त्या म्हणाल्या, 'बारीत कोन कुनाला इचारतंय?' खरंच कुणी विचारलं नाही. पुढे लातूरकडची एक म्हातारी, मागे नगर जिल्ह्यातलं जोडपं. ते श्रीगोंद्याचे निघाले. मी नाव सांगितल्यावर गृहस्थ म्हणाले, 'म्हणजे आमच्या शेख महंमदांचे!' 'योगसंग्राम' लिहिणाऱ्या संत शेख महंमदांशी माझं नातं त्यांनी असं परस्पर जुळवून टाकलं. रात्री एकानं चहा आणला, एकानं सतरंजी दिली. मावशी बसल्या की आजूबाजूची माणसं त्यांची जागा राखत. गाभाऱ्याशी पोचलो तेव्हा मी त्यांची काठी धरून बाजूला झालो. त्यांनी देवाच्या पायावर डोकं ठेवलं. क्षणभरच, कारण मागून लगेच हात येतो आणि माणूस पुढे सरकवला जातो. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, 'झालं. आता सासऱ्याला सांगायला मोकळी.'

गर्दीला दुसरी बाजूही आहे, आणि ती काळी आहे. २००३च्या ऑगस्टमध्ये नाशिकच्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. २५ जानेवारी २००५ला वाईजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेत तीनशेच्या आसपास. चढाची अरुंद वाट, दुतर्फा दुकानं, नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि त्यात आग. अब्बा म्हणायचे, गर्दी मारत नाही, घाई मारते. मलाही बरीच वर्षं तसंच वाटे. पण अशा अपघातांचा अभ्यास करणारे वेगळं सांगतात. माणसं एका मर्यादेपलीकडे दाटली की कुणी घाई न करताही मरतात. छाती फुगायला जागा उरत नाही आणि उभ्याउभ्या श्वास कोंडतो. मागच्याला पुढचं काही दिसत नसतं. म्हणजे दोष यात्रेकरूंच्या बेशिस्तीचा कमी, वाट आखणाऱ्यांचा जास्त. येणारी वाट आणि जाणारी वाट वेगळी हवी. मधे बाहेर पडायला जागा हवी. पुढे काय चाललंय ते मागच्याला कळायला हवं.

हा धडा मक्केनंही फार मोठी किंमत देऊन घेतला. १९९० साली मीनाजवळच्या बोगद्यात १,४२६ हाजी मेले. सैतानाला खडे मारण्याचे पूर्वी तीन खांब होते. खांबाभोवती चहूबाजूंनी माणसं दाटायची. २००४मध्ये खांबांच्या जागी लांब भिंती बांधल्या, म्हणजे माणसं भिंतीच्या कडेनं पसरतील. तरी २००६च्या जानेवारीत साडेतीनशेच्या घरात माणसं गेली. मग जुना पूल पाडून अनेक मजली नवा पूल उभारला, येण्याचे आणि जाण्याचे रस्ते निराळे केले. पुलावर मग तसं घडलं नाही. पण २०१५ साली मीनातल्याच रस्त्यावर दोन लोंढे समोरासमोर आले. सरकारी आकडा ७६९चा आहे. निरनिराळ्या देशांनी जाहीर केलेल्या आपापल्या मृतांची बेरीज दोन हजारांच्या वर जाते.

गंमत अशी, की धक्काबुक्की नको ही शिकवण तिथे पहिल्यापासून आहे. पैगंबरांनी स्वतः उंटावर बसून काबेची प्रदक्षिणा केली आणि काळ्या पाषाणाला हातातल्या काठीनं स्पर्श केला, असं हदीसमध्ये येतं. हजरत उमर अंगापिंडानं दांडगे. त्यांना पैगंबरांनी बजावल्याची कथा आहे, की तू ताकदवान आहेस, दुबळ्यांना रेटू नकोस. जागा मिळाली तर पाषाणाचं चुंबन घे, नाहीतर लांबूनच त्याच्याकडे तोंड करून अल्लाहचं नाव घे. लांबून हात उंचावण्याची ती रीत आज लाखो लोक पाळतात. कळसदर्शनाची ही सख्खी बहीण. बाराव्या शतकात, ११८३ साली, इब्न जुबैर नावाचा अंदलुसी प्रवासी मक्केत होता. काबेचं दार उंचावर, म्हणून चाकांचा लाकडी जिना ढकलत आणून दाराला लावत, हे त्यानं लिहून ठेवलंय. रजब महिन्याच्या अखेरीस एक दिवस फक्त स्त्रियांसाठी राखलेला असे, हेही त्यानं नोंदवलंय. ज्यांना एरवी रेटारेटीत आत शिरता येत नाही त्यांना एक दिवस मोकळा करून द्यावा, हे साडेआठशे वर्षांपूर्वी कुणाला तरी सुचलं होतं.

देवाच्या दारीच हा पेच आहे असं नाही. अजिंठ्याला देव गर्दीनं थकत नाही, पण चित्रं थकतात. आपला श्वास, घाम, दमटपणा त्या रंगांना सोसत नाही. म्हणून फर्दापूरच्या फाट्यावर गाड्या थांबवून पुढे बसनं जायचं, चित्रांच्या लेण्यांत थोडी थोडी माणसं सोडायची, फ्लॅश बंद, सोमवारी लेणी बंद. फ्रान्समधली लास्कोची चित्रगुहा तर १९६३ साली लोकांना बंदच केली आणि १९८३मध्ये शेजारी तिची हुबेहूब प्रतिकृती उभारली. तिथे माणूस रांग लावतो तो प्रतिकृतीसाठी. मला यात वाईट काही दिसत नाही. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्यापासून जरा लांब राहावं लागणं, हेही दर्शनच आहे.

२०१० साली मी अम्माला हजला घेऊन गेलो. आधी अर्ज, मग कुर्रा म्हणजे चिठ्ठ्यांची सोडत, मग प्रतीक्षायादी. दोनदा नाव हुकलं होतं. दर देशाला त्याच्या मुस्लिम लोकसंख्येच्या प्रमाणात जागा, म्हणून ही सोडत. तीही एक बारीच, फक्त तिच्यात माणूस घरी बसून उभा असतो. अम्माची एकच इच्छा होती, हजरे अस्वदला हात लावायचा. सातही फेऱ्यांत आम्ही त्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे पुरुषांची अशी दाटी, की मला अब्बांच्या पालातून दिसणारे पाय आठवले. सत्तरीला टेकलेल्या बाईला त्यात नेणं म्हणजे तिच्या हाडांशी खेळ होता. मी म्हणालो, 'अम्मा, लांबून हात करा.' तिनं हात केला. डोळ्यांत पाणी होतं. समाधानाचं की हुकल्याचं, मी विचारलं नाही.

गावी परतल्यावर मावशी झमझमचं पाणी आणि खजूर घ्यायला आल्या. पहिला प्रश्न तोच. 'भाभी, हात लावलास का गं दगडाला?' अम्मा म्हणाली, 'न्हाई गं अक्का. लांबूनच केला.' मावशी थोडा वेळ गप्प बसल्या. मग अम्माचा तो हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाल्या, 'पोचला असंल.' लांबून पाहणं कधी पुरेसं असतं आणि कधी नसतं, हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक होतं.

२०२० साल तुम्हाला आठवत असेल. करोनामुळे पालख्या एसटीनं आल्या. १ जुलैच्या आषाढीला पंढरपूर रिकामं, मंदिर भाविकांना बंद. त्याच महिन्याच्या अखेरीला हज झाला, तोही देशातल्याच मोजक्या माणसांचा. काबेभोवती कठडे लावले होते, पाषाणाला कुणालाच हात लावता येत नव्हता. ते कठडे निघाले २०२२ साली. मित्रांनी वर्षानुवर्षं माझ्याकडे मागितलेला गर्दी नसलेला दिवस तेव्हा आला होता. दूरदर्शनवर ती रिकामी चंद्रभागा बघताना अम्मा म्हणाली, 'हे काय बघवत न्हाई.' मावशी त्याच्या आधीच गेल्या होत्या. बरं झालं म्हणायचं.

तर मित्रांच्या फोनला माझं उत्तर आता असं असतं. आधल्या-मधल्या वारी, दुपारच्या वेळी या. आईला खुर्ची लागली तर विचारायला लाजू नका. मधून घुसवणारा कुणी भेटला तर त्याच्या नादी लागू नका, कारण तो जी पाळी विकतो ती दुसऱ्या कुणाची तरी असते. आणि निघण्याआधी आईला एकदा विचारा, तिला नेमकं काय हवंय? कळस पुरेसा आहे, की पायावर डोकं ठेवायचंय, की बारीतच उभं राहायचंय? आपण हा प्रश्न सहसा विचारत नाही. मीही विचारला नव्हता.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)